तपासनिसाचे सहा आठवडे

आमच्या शेजारच्या तपासनिसाच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, की तो आधी उजेडाकडे धरायचा. मान जराशी वाकडी करून ग्लास हळूच गोल फिरवायचा, मग प्यायचा. पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा माझ्या बायकोचा चेहरा खर्रकन उतरला. तो गेल्यावर मला म्हणाली, "आपल्याकडे काय गटाराचं पाणी येतं, असं वाटलं की काय त्यांना?" पुढे कळलं, त्यात आमचा अपमान वगैरे काही नव्हता. बिचाऱ्याच्या हाताला वळणच तसं पडलेलं. एकतीस वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं.

औषधाच्या कारखान्यात इंजेक्शनच्या कुप्या भरून, बंद होऊन यायच्या. त्या शेवटी तपासायला आठ माणसं एका अंधाऱ्या खोलीत बसायची. प्रत्येकासमोर एक दिवा आणि दोन पाट्या, एक पांढरी, एक काळी. कुपी मानेला धरायची, उलटी करायची, सुलटी करायची. पांढऱ्या पाटीसमोर काळा कण दिसतो, काळ्या पाटीसमोर काचेचा कपचा नाहीतर एखादा तंतू चमकतो. चांगली कुपी उजवीकडे निळ्या ट्रेत, वाईट कुपी डावीकडे लाल ट्रेत. लाल ट्रेतली कुपी संध्याकाळी चुरा होऊन जायची. ती पुन्हा उघडून बघणं नाही, दुसऱ्याला दाखवणं नाही, "जरा बघा हो, मला असं वाटतंय" असं म्हणणंही नाही. मनात आलं की लाल ट्रेत.

नवीन असताना त्याने एकदा एक कुपी बाजूला ठेवली होती. धड वाईट वाटेना, धड चांगली वाटेना, म्हणून जेवून आल्यावर बघू म्हणाला. जेवून येईपर्यंत टेबल पुसणाऱ्या बाईने ती उचलून निळ्या ट्रेत टाकली. झालं! आठही जणांनी दोन दिवस बसून चार हजार कुप्या परत डोळ्यांखालून घातल्या. बाकीच्या सातांपैकी एकानेही महिनाभर त्याच्याशी बोलणं ठेवलं नाही. तेव्हापासून 'बाजूला ठेवणे' हा प्रकार त्याच्या आयुष्यातून गेला. बाजारातही तो टोमॅटो असेच घ्यायचा, एक उजवीकडे, एक डावीकडे. भाजीवाली म्हणायची, "साहेब, खायचेत का पास करायचेत?" तो म्हणायचा, "दोन्ही." आणि हसायचा. हसला की चांगला दिसायचा. मी हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात तो फारसा हसत नाही.

मी बसचा कंडक्टर. माझं सगळं आयुष्य चालत्या गाडीत गेलं, त्याचं एका स्टुलावर. तरी आमचं जमलं. एकाच मजल्यावर समोरासमोर दारं, दोघेही एकाच वर्षी निवृत्त. तो मला कंडक्टर म्हणायचा, मी त्याला तपासनीस. सकाळी कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत चालायचं, बाकावर बसायचं, मी बोलायचं आणि त्याने ऐकायचं, अशी वाटणी होती. माझ्या गोष्टी त्याला फार आवडायच्या. मी गोष्टीला किती मीठ-मिरची लावतो ते त्याला ठाऊक होतं, असं मला तेव्हा वाटायचं.

त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी. त्या मशीनवर भरतकाम करायच्या. साधं शिवणयंत्र नव्हे. कॉम्प्युटरला वायर जोडलेलं, आपोआप सुई चालणारं यंत्र होतं ते, खिडकीपाशी मोठ्या टेबलावर. शाळेच्या गणवेशावरचं चिन्ह, दवाखान्यातल्या नर्सच्या कोटावरचं नाव, बाळाच्या टोपीवर ससा, कुणाच्या रुमालावर दोन अक्षरं. यंत्र चालू झालं की बंद दारातूनही आमच्याकडे टरटर ऐकू यायचं. नवखा पाहुणा दचकायचा, आम्हाला मात्र ते बंद असलं की चुकल्यासारखं व्हायचं.

आता या यंत्राला नक्षी सांगायची कशी? त्यासाठी कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लागतो. विकतचा प्रोग्रॅम वहिनींना कधी जमला नाही. त्यांचा प्रोग्रॅम त्यांच्या धाकट्या भावाने करून दिला होता. भाऊ कारखान्यातली यंत्रं जुळवायचं काम करायचा, डोकं तल्लख. बहिणीची अडचण बघून सुटीत बसून बसून त्याने तिच्यापुरता एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात बटणं मोठी, अक्षरं मोठी, नको ते काही नाही. उघडला की आधी एक छोटी चौकट यायची: "ताई, खालचा दोरा बघितलास का?" कारण वहिनी खालचा दोरा संपलेला बघायच्याच नाहीत आणि निम्मा ससा झाल्यावर ओरडायच्या. 'बघितला' असं बटण दाबल्याशिवाय प्रोग्रॅम पुढेच जायचा नाही. त्या रोज बडबडत दाबायच्या, "बघितला रे बाबा, बघितला."

तो भाऊ ऐन पन्नाशीत गेला. हृदयाने दगा दिला. वहिनींची चौकट मात्र रोज विचारत राहिली. अकरा वर्षांत त्यांनी त्या प्रोग्रॅमवर सहाशेच्या वर नक्ष्या केल्या होत्या, आणि त्या फक्त त्यातच उघडायच्या. प्रोग्रॅमची दुसरी प्रत नव्हती. "तो असताना प्रत कशाला लागायची," वहिनी नंतर म्हणाल्या, "फोन केला की यायचा. आणि तो गेल्यावर प्रत मागणार कोणाकडे?"

आता माझ्या गोष्टीकडे येतो.

एका सकाळी बाकावर मी त्याला आमच्या डेपोतल्या कारकुनाची हकीकत सांगितली. कारकुनाने म्हणे कुठलंसं पत्र कॉम्प्युटरवर उघडलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरच्या सगळ्या फोटोंच्या जागी कवट्या आल्या. बायकोच्या जागी कवटी, सासूच्या जागी कवटी, आणि आतून कुणीतरी खदाखदा हसायला लागलं. तपासनिसाच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे सगळं गेलं?"

"सगळं. एक फोटो राहिला नाही. सासूची कवटी मात्र ओळखू येत होती म्हणे."

या विनोदावर तो हसला नाही, तेव्हाच मला थांबायला हवं होतं. खरं म्हणजे कारकुनाच्या कॉम्प्युटरचा पंखा बिघडला होता आणि तो तापून बंद पडायचा. एवढंच. बाकी सगळं माझं. पण ऐकणारा इतका रंगून ऐकत होता, की मी शेवटी असंही म्हणालो, "घरोघरी हे चालू आहे रे. आत शिरून बसतात, कळतसुद्धा नाही."

घरी जाऊन त्याने शोधाशोध केली आणि कॉम्प्युटर तपासणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. मला बोलावून दाखवलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकत होती आणि खाली फायलींची नावं भराभर पळत होती. तो समोर खुर्ची टाकून, चष्मा पुसून, ताठ बसला होता.

"कंडक्टर, एक लाख चाळीस हजार! बघतोयस का? आम्ही आठ जण तीन महिने बसलो असतो!"

वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, ते आपलं आपण होतं. तुम्ही उठा, भाजी तरी आणा."

"तपासणी आपली आपण होत नसते," तो म्हणाला, आणि दोन तास हलला नाही. पट्टी जिथवर जाईल तिथवर त्याची मान जायची. शेवटी हिरवी खूण आली. "तुमचा कॉम्प्युटर स्वच्छ आहे." त्याचा जीव भांड्यात पडला. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्याला परत काम मिळालं होतं, आणि खरं सांगतो, मला तेव्हा फार बरं वाटलं. मी घरी येऊन बायकोला म्हणालोसुद्धा, बघ, माझी बडबड कधी कधी उपयोगी पडते.

मग दर सोमवारी तपासणी. वहिनी तयार कपडे द्यायला बाहेर पडल्या, की हा खुर्ची टाकायचा.

चौथ्या की पाचव्या सोमवारी पट्टी मध्येच लाल झाली. एक वस्तू संशयास्पद. फाईलचं नाव म्हणजे नुसती चार अक्षरं आणि पुढे आकडे, कुणाला काही बोध होऊ नये असं. घाईघाईत करणाऱ्याने ठेवलेलं नाव. पडद्यावर वहिनींच्या प्रोग्रॅमच्या चित्राखाली मात्र 'शिवण' असं लिहिलेलं होतं, म्हणून वहिनींनी काय किंवा याने काय, ते आतलं नाव कधी पाहिलंच नव्हतं. घरच्या माणसाने घरी केलेला प्रोग्रॅम, त्यावर ना कुठल्या कंपनीचं नाव, ना सही-शिक्का. वर तो दुसऱ्या यंत्राला वायरीतून हुकूम देतो. फुकटच्या पहारेकऱ्याला तो चोर वाटला यात नवल नाही.

खाली तीन बटणं होती. सोडून द्या. वेगळं ठेवा. कायमचं काढून टाका.

दुसऱ्या कुणीही मधलं दाबलं असतं. तुम्ही दाबलं असतं, मी दाबलं असतं. आपल्याला कळत नाही ते आपण बाजूला ठेवतो. सॉफ्टवेअरसुद्धा तेच सुचवत होतं, मधलं बटण ठळक होतं. पण बाजूला ठेवणं म्हणजे काय, हे त्याला चार हजार कुप्यांनी शिकवलं होतं. त्याने तिसरं दाबलं. "खात्री आहे का?" असं विचारलं, त्यालाही हो म्हणाला. मला सांगताना तो म्हणाला, "अरे, त्या क्षणी मला किती बरं वाटलं होतं! एकतीस वर्षांत लाल ट्रे भरला की वाटायचं, तसंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी 'शिवण'वर बोट ठेवलं. चौकट आली नाही. 'सापडत नाही' असं आलं.

"अहो, हे बघा ना."

तो कप घेऊन खोलीत गेला, पडद्याकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. कुपी हातातून सुटून फरशीवर पोहोचेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढाच गेला म्हणे. आणि त्या वेळात त्याच्या तोंडून जे निघालं, ते त्यालाही ओळखू आलं नाही.

"काल तू काही दाबलंस का?"

वहिनी विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "दाबलं असेल बाई. काल घाईत होते ना, वायर काढताना काहीतरी झालं असेल."

बस. एवढ्यावर तो तिथेच "नाही गं, मीच" म्हणाला असता, तर मला ही गोष्ट सांगण्यासारखी वाटलीही नसती. पण तो मूग गिळून बसला. पाच मिनिटांनी सांगू, मग जेवताना सांगू, मग संध्याकाळी. तुम्हाला माहीतच आहे हे कसं असतं. पहिल्या पाच मिनिटांत न सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत दुप्पट जड होते.

वहिनींनी काय काय केलं! यंत्र विकणाऱ्याकडे गेल्या. तो म्हणाला, हा प्रोग्रॅम आमचा नाही. भावाच्या घरी फोन केला. भावजय म्हणाली, त्यांचं सगळं सामान केव्हाच देऊन टाकलं, काही राहिलं नाही. दवाखान्याच्या चाळीस कोटांचं काम आलेलं होतं, ते परत केलं. लोक दारात येऊन विचारायचे आणि वहिनी सांगायच्या, "काय करू हो, माझ्याच हातून गेलं. भावाची एवढी एक वस्तू होती, तीही मला सांभाळता आली नाही." हे तो आतल्या खोलीत बसून ऐकायचा. वर्तमानपत्र उघडं, पान तेच. एकदा मीही त्या वेळी तिथे होतो. मला काही माहीत नव्हतं, मी आपला वहिनींना म्हणालो, "अहो, यंत्रच ते, त्याचं काय एवढं मनाला लावून घेता." तपासनीस उठून मोरीत गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

समोरची टरटर बंद झाली होती.

इकडे याचा छुपा उद्योग सुरू झाला. वहिनी बाहेर पडल्या की हा गेलेलं परत आणून देणारं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवायचा. एक झालं, मग दुसरं, मग तिसरं. त्यातल्या एकाने खरोखरच नको ती पिल्लं आत आणली. पडदा उघडला की लॉटरी लागल्याचे निरोप आणि केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिराती. ती घालवायला परत तपासणी, ती नीट होईना म्हणून आणखी मोठं तपासणारं सॉफ्टवेअर. चांगल्या कॉम्प्युटरला त्याने तपासून तपासून आजारी पाडलं. आणि सवयीने प्रत्येक गोष्ट वहीत लिहून ठेवली: तारीख, वेळ, काय बसवलं, काय काढलं.

चौथ्या आठवड्यात तो बागेत बाकावर बसला आणि काठीने माती उकरत राहिला. मी बोलायचं थांबलो, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "आज घरी जाऊन तिला सांगतो. आता नाही सहन होत."

तो उठलाच होता. खरंच उठला होता, काठी हातात घेतली होती. मी त्याच्या सदऱ्याला धरून त्याला खाली बसवलं.

"अरे थांब! एवढे दिवस गेले, आणखी चार गेले म्हणून काय होतंय? माझा जावई येतोय रविवारी, त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. तो काढून देईल. मग वहिनींसमोर आधी प्रोग्रॅम उघडून दाखव आणि मग सांग. हसत हसत सांग. रुसतील जरा, मग त्याही हसतील. नुसतं जाऊन रडगाणं काय सांगतोस?"

"नक्की काढून देईल?"

"म्हणजे काय! डाव्या हाताचा मळ."

जावयाला कॉम्प्युटरमधलं किती कळतं, हे मला तरी कुठे माहीत होतं? तो ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, एवढं मला माहीत होतं. पण मला त्या गोष्टीचा शेवट दिसत होता. प्रोग्रॅम उघडतोय, वहिनी तोंडावर पदर धरून हसताहेत, आणि पुढे वर्षानुवर्षं मी ती चार माणसांत सांगतोय. शेवट गोड करायच्या नादात मी त्याचा उठलेला पाय परत बसवला.

रविवारी जावई आला नाही, त्याला काम निघालं. पुढच्या रविवारी आला, म्हणजे फोनवर आला. "बाबा, यातलं मला काही कळत नाही. दुरुस्तीवाल्या बाई असतात ना, त्यांच्याकडे न्या. आणि तोपर्यंत तो कॉम्प्युटर चालू करू नका म्हणावं." हे शेवटचं वाक्य ऐकून मी गार झालो. कारण त्या दोन आठवड्यांत हा स्वस्थ बसला नव्हता. जावई येईपर्यंत निदान आतली घाण तरी साफ असावी, म्हणून त्याने सगळ्यात मोठं सॉफ्टवेअर बसवून रोज पूर्ण तपासणी चालवली होती.

आम्ही कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेला. वहिनींना सांगितलं, धूळ काढायला नेतोय. बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, कपाळावर दिवा बांधलेला. दुकान म्हणजे एक लांब टेबल आणि त्यावर उघडी पोटं पडलेले कॉम्प्युटर.

"कधी पुसलं?" बाईंनी विचारलं.

त्याने वही पुढे केली. बाईंनी कपाळावरचा दिवा मालवून ती वाचली. सगळी, शेवटच्या ओळीपर्यंत.

"काका, पुसलं म्हणजे लगेच जात नाही. जागा रिकामी झाली, एवढीच नोंद होते. वस्तू तिथेच असते. वर दुसरं काही येऊन बसलं की मग जाते."

मी म्हणालो, "म्हणजे बसमध्ये माणूस उतरला तरी रुमाल सीटवरच असतो. दुसरा येऊन बसला की रुमाल चुरगळला."

"तसंच समजा. यांनी इथे पूर्ण गाडी भरली आहे."

"पण काहीच नाही का?" तपासनीस म्हणाला.

"बघते. पहिला महिना छोटी छोटी माणसं चढली आहेत. हे शेवटचं मोठं दिसतंय, गेल्या दोन आठवड्यांतलं. तेच नेमकं कुठे बसलंय त्यावर आहे सगळं. त्याच दिवशी बंद करून आणला असतात ना, तर अर्ध्या तासाचं काम होतं."

चार दिवसांनी आम्ही गेलो. बाईंनी जाहिराती घालवून कॉम्प्युटर धुतल्यासारखा केला होता. वहिनींच्या सहाशे नक्ष्या जागच्या जागी होत्या, एकही हललेली नव्हती. त्या उघडणाऱ्या प्रोग्रॅमचा मात्र पुढचा एक तुकडाच मिळाला होता. उरलेल्या जागेवर मोठी वस्तू बसली होती.

"दोन आठवड्यांपूर्वी आणला असता तर?" हे मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

बाईंनी खांदे उडवले. "सांगता येत नाही. मिळालाही असता कदाचित."

तपासनिसाने माझ्याकडे बघितलं नाही. मी वाट बघत होतो, बघेल, काहीतरी बोलेल, दोन शिव्या घालेल. त्याने डबा उचलला. जिन्यात मी म्हणालो, "मी येतो आत. मीच सांगतो की मी तुला थांबवलं."

"तू नको. तू आलास की त्याची गोष्ट होईल."

दार लागलं. मी माझ्या दारात उभा राहिलो, आरडाओरडा ऐकू येईल म्हणून. काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाकावर त्याने मला सांगितलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं होतं. प्रोग्रॅमबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. भावाबद्दलही नाही. फक्त एवढंच विचारलं, "मी लोकांना सांगत होते, माझ्या हातून गेलं. तेव्हा तुम्ही आत बसला होतात ना?"

"होतो," तो म्हणाला.

"सहा आठवडे?"

"सहा आठवडे."

मग त्या उठून कणीक मळायला गेल्या.

नंतर काही त्यांचा संसार मोडला नाही. जेवण वेळेवर, बोलणं-चालणं, पाहुणेरावळे, सगळं होतं. दुरुस्तीवाल्या बाईंनीच वहिनींना दुसरा प्रोग्रॅम शिकवला. गिऱ्हाइकांकडून जुन्या टोप्या, जुने कोट उसने आणून, त्यावर कागद ठेवून वहिनींनी शंभरेक नक्ष्या परत काढल्या. टरटर सुरू झाली. तपासनीस भिंग घेऊन टाके मोजून द्यायला तयार होता. त्या म्हणाल्या, "राहू द्या, होतंय माझं." आणि एक गोष्ट बदलली ती बदललीच. त्या खोलीतून "अहो, हे बघा ना" अशी हाक परत कधी आली नाही. दोरा अडकला तर स्वतः सोडवायच्या, पडद्यावर काही आलं तर बाईंना फोन करायच्या. तो बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसायचा आणि यंत्र मध्येच थांबलं की मान वर करायचा. हाक येईल म्हणून. यंत्र परत चालू व्हायचं, हा परत वाचायला लागायचा. हे मी चार वर्षं पाहिलं.

गेल्या वर्षी तो गेला. आजार छोटासाच होता, चार दिवसांचा. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची बाटलीसुद्धा त्याने पडल्या पडल्या खिडकीकडे धरून बघितली. वहिनी म्हणाल्या, "पास?" तो म्हणाला, "पास." दोघं हसली, तेव्हा मी पायाशी बसलो होतो. म्हटलं, मी त्याला बाकावर धरून बसवलं होतं, ते आता वहिनींना सांगावं. बोललो नाही. आजारी माणसासमोर कशाला, असं मनाला समजावलं.

महिन्याभराने वहिनींकडे बसायला गेलो. त्या बाळाच्या दुपट्यावर काहीतरी भरत होत्या. मी त्याच्या चार गोष्टी सांगितल्या, टोमॅटोची, कुप्यांची. त्या हसल्या. मग मला राहवेना. मी म्हणालो, "वहिनी, ते सहा आठवडे नव्हते. चार होते. चौथ्या आठवड्यात तो तुम्हाला सांगायला उठला होता. मी धरून बसवला त्याला. म्हटलं, प्रोग्रॅम मिळू दे, मग सांग. आणि ती कवट्यांची हकीकतही माझीच, तीही खोटी. त्या कारकुनाचा नुसता पंखा बिघडला होता."

वहिनींनी यंत्र थांबवलं.

"हे त्यांना माहीत होतं?"

"पंख्याचं नव्हतं. बसवल्याचं होतंच."

"मी विचारलं होतं त्यांना," वहिनी म्हणाल्या, "की हे अजून कोणाला माहीत होतं का. कोणाला नाही म्हणाले. नंतर एकदा भांडताना पुन्हा विचारलं, सहा आठवड्यांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही का? तर गप्प बसले. मला वाटलं, नसेलच वाटलं."

मी खाली बघत राहिलो.

"भाऊजी, एवढं जरी त्यांनी सांगितलं असतं ना, की एकदा उठलो होतो..." दुपट्यावरचा एक सुटा दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "तुम्ही समोरच राहत होतात. चार वर्षं."

"हो."

"मी काय काय बोलले त्यांना."

मग वहिनी म्हणाल्या, "चहा टाकते," आणि उठल्या. मी नको म्हणालो नाही. आत भांड्याचा आवाज आला. चहा काही आला नाही. मी अंधारून येईपर्यंत तिथे बसून होतो, आणि मग दार हळूच ओढून घेऊन समोरच्या माझ्या घरात गेलो.